चौथं बोलावणं, सातवा महिना

पत्राचा सारांश (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

पत्र लिहिणारी 34 वर्षांची, मूळची ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. लग्नानंतर इस्राएलच्या दक्षिणेकडच्या एका शहरात आली. नवरा 39 वर्षांचा, राखीव सैनिक. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याला ‘त्सव श्मोने’, म्हणजे तातडीचं बोलावणं आलं. त्यानंतर आणखी दोनदा तो जाऊन आला, आणि आता चौथ्यांदा बोलावणं आलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात 7 आणि 4 वर्षांची मुलं आणि गुडघेदुखीनं बेजार सासूबाई. तिला सातवा महिना लागलाय. मागच्या खेपेला मुदत संपल्यावरही नवरा स्वतःहून तीन आठवडे जास्त राहिला, हे तिला त्याच्या मित्राच्या बायकोकडून कळलं. यंदा ती “नको जाऊस” म्हणाली, तर तो म्हणाला, “मग माझ्या जागी कोण जाणार?” धार्मिक वळणाचे दीर म्हणतात, “अशा युद्धात नवरदेवानं खोलीतून आणि नवरीनं मांडवातून निघायचं असतं.” सासूबाई म्हणतात, “आम्ही कधी तक्रार केली नाही.” सिनेगॉगमधल्या बायका दर गुरुवारी सैनिकांसाठी स्वयंपाक करतात. ही दोनदा गेली नाही तर कुजबुज सुरू झाली. ठाण्याची आई म्हणते, बाळंतपणाला माहेरी ये. तिचा प्रश्न: “मावशी, मी स्वार्थी झालेय का? धर्म काय सांगतो?”

प्रिय मुली,

आधी दिरांचं वाक्य हातावेगळं करू, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात जड तेच झालंय. ते त्यांनी पदरचं सांगितलेलं नाही. मिश्ना म्हणजे आपल्या धर्मनियमांचा जुना संग्रह. त्यातल्या सोता या ग्रंथात आठव्या अध्यायाच्या शेवटी ते आहे. पण त्या अध्यायातला बाकीचा मजकूर त्यांनी तुला सांगितलेला दिसत नाही. त्यातला मोठा भाग लढाईवरून घरी कुणाला परत पाठवायचं यावरच आहे. मूळ तोरातलं, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांतलं, त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 20व्या अध्यायातलं. सैन्य निघायच्या आधी अधिकारी सगळ्यांसमोर विचारतात: नवं घर बांधून अजून त्यात पाऊल टाकलं नाही असा कोणी आहे का? द्राक्षमळा लावला पण फळ चाखलं नाही असा? मागणी घातली पण लग्न झालं नाही असा? भ्यालेला, खचलेला कोणी आहे का? त्यानं घरी जावं. चार अध्याय पुढे आणखी एक आज्ञा येते: नव्यानं लग्न झालेल्यानं वर्षभर सैन्यात जाऊ नये, घरी राहून बायकोला सुखात ठेवावं. ऐन लढाईच्या नियमांत बायकोच्या सुखाची तरतूद आहे, हे दिरांनी एकदा नीट वाचावं.

मिश्ना पुढे म्हणते की या सवलती ऐच्छिक युद्धासाठी. मिल्खेमेत मित्स्वा, म्हणजे जे युद्ध करणं कर्तव्यच आहे, त्याला सगळ्यांनी निघायचं, नवरदेव खोलीतून आणि नवरी मांडवातून. 12व्या शतकात रामबाम या धर्मपंडितानं चालून आलेल्या शत्रूपासून इस्राएलला वाचवणं याच वर्गात घातलं. तेव्हा हमासनं हल्ला केला त्या 7 ऑक्टोबरच्या सकाळपुरतं दिरांचं म्हणणं सोळा आणे खरं. त्या दिवशी कुणी कुणाची खोली विचारली नाही. तुझ्या नवऱ्यानंही विचारली नाही, आणि तूही त्याला अडवलं नाहीस.

पण पहिल्या सकाळचा नियम चौथ्या खेपेला जसाच्या तसा लागतो का? यावर आजचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, एकमताचे नाहीत, आणि दीर तर रब्बीही नाहीत. तुमच्या घरचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा रब्बीला तुम्ही दोघांनी मिळून विचारा, आणि विचारताना सातवा महिना आणि तिसरा मजला दोन्ही सांगा. शंका अर्धवट मांडली की निवाडाही अर्धवट मिळतो.

आता मांडवातून निघालेल्या नवरीचं. ती कुठे जाते? 16व्या शतकात रामबामच्या ग्रंथावर भाष्य लिहिणारे रादबाज यांना हाच प्रश्न पडला होता. त्यांनी लिहिलं की बायका नवऱ्यांना अन्नपाणी पुरवत असाव्यात. म्हणजे मागची बाजू सांभाळणं हा युद्धाचाच भाग, हे जुनं आहे. त्या हिशेबानं तू मांडवातून केव्हाच निघालीस. दिरांना तेवढं सांग, आणि लगेच विचार, शुक्रवारी दुपारी मुलांना बागेत कोण नेणार?

खरं तर तुझ्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं प्रकरण दिरांनी काढलंच नाही. तोरातल्याच ‘गणना’ या पुस्तकाच्या 32व्या अध्यायात गाद आणि रऊबेन या वंशांना यार्देन नदीच्या अलीकडेच राहायचं होतं, कारण गुरांना चारा तिथे चांगला. मोशे भडकला: “तुमचे भाऊ लढाईला जातील आणि तुम्ही इथे बसाल?” हे वाक्य गेली काही वर्षं इथल्या भिंतींवर आणि मोर्च्यांत किती वेळा दिसलंय, तुला ठाऊकच आहे. त्यावर ते लोक म्हणाले, आम्ही इथे मेंढरांसाठी वाडे आणि मुलांसाठी नगरं बांधतो आणि मग सगळ्यांच्या पुढे राहून लढतो. मोशेनं कबूल केलं, पण उत्तर देताना क्रम फिरवला: आधी मुलाबाळांसाठी नगरं बांधा, मग मेंढरांसाठी वाडे. राशी नावाच्या जुन्या भाष्यकारानं त्यावर बोट ठेवलंय, की या लोकांना मुलांपेक्षा मालमत्तेची काळजी जास्त होती, म्हणून मोशेनं त्यांना मुख्य काय ते आधी करायला सांगितलं.

मोशेनं त्यांना सूट दिली नाही, हे विसरू नकोस. ते गेले, लढले, आणि काम संपल्यावर मोशेनंतरचा पुढारी यहोशवा यानं आशीर्वाद देऊन त्यांना घरी पाठवलं. पण निघण्याआधी मुलांची नगरं उभी होती. मला तुझ्या पत्रात खटकलं ते हे, की घरातले सगळे “जावं की राहावं” यावर बोलताहेत आणि नगर बांधलंय का, हे कुणीच विचारत नाही.

तूच लिहिलेलं तुला परत सांगते. इमारत जुनी, घरात ममाद, म्हणजे हल्ल्यापासून बचावाची पक्की खोली, नाही, आसरा तळमजल्यावर. भोंगा वाजल्यापासून तुमच्याकडे एक मिनिट. तू धाकट्याला कडेवर घेतेस, मोठ्याला आजीचा हात धरायला सांगतेस, दुसऱ्या हातानं जिन्याचा कठडा धरतेस. मागच्या वेळी सासूबाई दुसऱ्या मजल्यावरच बसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही जा. मोठा त्यांना सोडून यायला तयार नव्हता. सात वर्षांच्या पोराला आजी की आई हे जिन्यात उभं राहून ठरवावं लागलं. सातव्या महिन्यात हे अवघड आहे, नवव्यात ते होणारच नाही. यात स्वार्थ कुठे आला? एका माणसाला जे जमत नाही ते जमत नाही, एवढंच तू म्हणतेयस.

आता ते तीन आठवडे. तुझ्या पत्रात त्यांचा उल्लेख एका ओळीत आलाय, पण ती ओळ तू खोडून पुन्हा लिहिली आहेस. बोलावणं येणं ही एक गोष्ट, आणि बोलावणं संपल्यावर मागे राहणं ही दुसरी. पहिल्यात तुझी परवानगी कुणी विचारत नाही, कायदाच आहे तो. दुसऱ्यात ती विचारायला हवी होती, आणि हे मी माझ्या मनानं म्हणत नाही. मिश्नाच्या केतुबोत ग्रंथात नवऱ्यानं बायकोपासून किती दिवस लांब राहायचं, याचा धंद्यावार हिशेब आहे. गाढवं हाकणाऱ्यानं आठवड्यातून एकदा घरी असावं, उंटवाल्यानं 30 दिवसांतून एकदा, खलाशानं सहा महिन्यांतून एकदा. मग मिश्नावरचा चर्चाग्रंथ तालमुद विचारतो, गाढववाल्याला उंटवाला व्हायचं असेल तर? पैसा जास्त मिळेल, पण घरी येणं कमी होईल. उत्तर येतं की बायकोला दहा माप धान्य आणि दुरावा यापेक्षा एक माप आणि जवळीक बरी वाटते. म्हणून बायकोला विचारल्याशिवाय धंदा बदलायचा नाही. तीन आठवडे वाढवताना तुझा नवरा न विचारता उंटवाला झाला. हे त्याला सांगायचा तुला पूर्ण हक्क आहे, रागानं नाही, पण गुळमुळीतही नाही.

त्याच पानांवर रब्बी रेखुमींची गोष्ट आहे. ते माखोझा गावी रावा या गुरूंकडे शिकायला राहत आणि वर्षातून एकदाच, योम किप्पूर या उपासाच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी घरी येत. एका वर्षी अभ्यासात असे गुंगले की निघायचंच राहिलं. बायको घरी वाट बघत होती, “आता येतील, आता येतील.” आले नाहीत. तिच्या डोळ्यातून एक थेंब पडला, आणि तिकडे ते ज्या गच्चीवर बसले होते ती कोसळून ते गेले. आपल्या पूर्वजांच्या लेखी तोराच्या अभ्यासाहून पवित्र काम नव्हतं, तरी त्यांनी ही गोष्ट जपून ठेवली. (ही गोष्ट नवऱ्याला मात्र पाठवू नकोस. सीमेवर जाणाऱ्या माणसाला छप्पर कोसळल्याच्या गोष्टी सांगत नाहीत.)

तो थांबला का असेल, याचाही विचार कर. दावीद राजाच्या सैन्यातला उरीया आठव. राजानं त्याला लढाईवरून यरुशलेमला बोलावलं आणि घरी जा म्हटलं, तर तो राजवाड्याच्या दारातच झोपला. तो म्हणाला, देवाच्या कराराची पवित्र पेटी आणि सगळं सैन्य राहुट्यांत, सरदार उघड्यावर, आणि मी घरी जाऊन खाऊ-पिऊ, बायकोजवळ निजू? सुट्टीवर आलेल्या प्रत्येक सैनिकाच्या तोंडी आज हेच आहे, शब्द तेवढे वेगळे. तिकडे कोणी काय करायचं ते ठरलेलं असतं. घरी आलं की शाळेच्या बाईंचा निरोप, तुंबलेलं न्हाणीघर, आणि रुसलेली बायको. तिकडचं सोपं असतं असं नाही, पण तिकडे आपण उपयोगाचे आहोत हे कळत असतं. तेव्हा “तुला आमच्यापेक्षा ते जवळचे” असं म्हणण्याआधी एकदा विचार, “घरी आल्यावर तुला काय जड जातं?” आणि उत्तर यायला वेळ दे. उत्तरादाखल तो नुसता खांदे उडवेल, तर मिलुईमवरून, म्हणजे राखीव सेवेवरून, आलेल्यांसाठी समुपदेशन मिळतं, ते घ्यायला लाव.

“ज्यांची मुलं जातच नाहीत त्यांच्या वाटणीचं आम्ही का भरायचं?” असंही तू विचारलंयस. 1948 मध्ये पहिले पंतप्रधान बेन गुरियन यांनी येशिवातल्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळांतल्या, सुमारे 400 विद्यार्थ्यांना सैन्यभरतीतून सूट दिली. आकडा वाढत कुठल्या कुठे गेला. जून 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांनाही भरती करा म्हणून सांगितलं, तरी भांडण मिटलेलं नाही. तुझा संताप मला पटतो. पण तो मतपेटीत आणि मोर्च्यात ने, जेवणाच्या टेबलावर नको. दुसरे जात नाहीत म्हणून तुझ्या नवऱ्यानं राहावं, हे त्याला कधीच पटणार नाही. तसंच युद्ध कसं चाललंय, दोन्ही बाजूंनी किती जीव गेले, ते कधी थांबायला हवं होतं, यावर तुझी मतं असतील. माझीही आहेत, कडक आहेत. पण नवऱ्याला थांबवायचं हत्यार म्हणून तो वाद काढू नकोस. त्याला वाटेल तू त्याच्या कामालाच नावं ठेवतेयस, आणि तिसऱ्या मजल्याचा मुद्दा बाजूलाच राहील.

सासूबाईंचं “आम्ही तक्रार केली नाही” हे मी फार बायकांकडून ऐकलंय. 1973 मध्ये योम किप्पूरच्या दिवशी युद्ध पेटलं तेव्हा प्रार्थनेतून उठून गेलेले नवरे त्यांनी पाहिलेत, त्यांचा मान ठेवावाच लागेल. पण त्यांना एक विचार: तेव्हा रात्री सोबतीला कोण असायचं? मी पैजेवर सांगते, उत्तर येईल की शेजारची, वरची, समोरची. दिमोनात, लोदमध्ये आपली माणसं एकेका इमारतीत भरलेली होती. रेवदंड्याची इकडे, पनवेलची तिकडे, दारं उघडी. त्यांनी तक्रार केली नाही कारण त्या एकट्या नव्हत्या. तुझ्या जिन्यात तर शेजारणीचं नावही तुला माहीत नाही.

म्हणूनच गुरुवारच्या बायकांबद्दल माझं म्हणणं जरा वेगळं आहे. समाजाचं कर्तव्य म्हणजे तू जाऊन पुऱ्या लाटायच्या, असं तू धरून चालली आहेस, आणि कुजबुज करणाऱ्याही तेच धरून चालल्यात. समाजाकडे तुझंही काही येणं आहे, हे तुझ्या डोक्यातच येत नाही. समाज संकटात असताना “मी घरी जाऊन खाईन-पिईन, मला काय त्याचं” असं म्हणू नये, असं तालमुदात तानीत ग्रंथात आहे खरं. पण ते सुखात लोळणाऱ्याला उद्देशून आहे, जिन्यात पोर कडेवर घेऊन उभी असलेलीला नाही. आपल्याकडे मलिदाचं ताट वाटायला सगळ्या पुढे, आणि स्वतःला हवं असेल तर हात पदराखाली. तू जा एका गुरुवारी. खुर्चीवर बसून कोथिंबीर निवड आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं सांग: मला दोन नावं हवीत. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर मुलांजवळ कोण येईल, आणि मला इस्पितळात कोण नेईल. तिसरं नाव भोंगा वाजल्यावर सासूबाईंना धरायला, ते इमारतीतलंच हवं. कुणी बोलणार नाही असं तुला वाटतंय, पण अशा वेळी कुजबुज करणारीच आधी हात वर करते असा माझा अनुभव आहे.

तर आता पर्याय. तो पूर्ण सूट मागून घरी राहिला तर जिन्याचा प्रश्न सुटेल, पण तो हातात फोन घेऊन बसेल, मित्रांच्या गटातला प्रत्येक संदेश वाचेल, आणि त्या अस्वस्थतेचा त्रास तुलाच होईल. तो नेहमीसारखा गेला आणि तू दात-ओठ खाऊन राहिलीस, तर बाळ येईल तेव्हा तुमच्यात बोलण्यासारखं काही उरलेलं नसेल. माझं मत विचारशील तर या खेपेला त्यानं अर्ज करावा. बोलावणं पुढे ढकलण्यासाठी किंवा कमी करण्यासाठी वलतमकडे, म्हणजे राखीव सेवेच्या अर्जांच्या समितीकडे, अर्ज करता येतो, आणि तुकडीच्या संपर्क अधिकारी बाई असतात त्यांच्याशी आधी बोलता येतं. अर्ज त्यानंच करायचा असतो, तू जोडायचं ते डॉक्टरांचं पत्र आणि घराची परिस्थिती. मागणी मोघम नको. बाळंतपणाच्या आधी इतके आठवडे आणि नंतर इतके, असं तारखेनिशी लिहा. ते नाही जमलं तर घराजवळची नेमणूक, किंवा आळीपाळीनं घरी येण्याचं लेखी वेळापत्रक मागा. “माझ्या जागी कोण” या प्रश्नाचं उत्तर त्याच्या वरिष्ठाला देऊ दे. ते ठरवणं त्याचंच काम आहे, तुझ्या नवऱ्याचं नाही.

अर्ज नामंजूर झाला तर तो जाईल, आणि तू त्याला जाऊ दे. पण मग नगर बांधूनच. सासूबाईंना काही आठवडे तळमजल्यावर किंवा ममाद असलेल्या घरी हलवता येतं का, नणंदेकडे, दिरांकडे? दिरांना युद्धाचा एवढा कळवळा आहे तर त्यांच्या घरी खोली निघेल. शिवाय कागदपत्रं. दावीदाच्या घराण्याच्या युद्धाला जाणारा सैनिक बायकोला सोडचिठ्ठी लिहून देऊन जायचा, असं तालमुद सांगतो. तो बेपत्ता झाला तर ती जन्मभर अडकून पडू नये म्हणून. अभद्र बोलू नये म्हणून आपण गप्प बसतो, आपले पूर्वज बसले नाहीत. तुमच्यासाठी याचा अर्थ इतकाच: मृत्युपत्र, बँकेचे आणि बितुआख लेउमीचे (राष्ट्रीय विम्याचे) पासवर्ड, घराचे हप्ते कधी जातात, सगळं एका वहीत. निघायच्या आदल्या रात्री नको, त्याच्या चार दिवस आधी.

तुझ्याबद्दल एक. झोप लागत नाही, जेवण पुढ्यात आलं की उठून जावंसं वाटतं, असं तू शेवटी बारीक अक्षरात लिहिलंयस. टिपत खलाव या माता-बाल आरोग्य केंद्रातली परिचारिका गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर मनःस्थितीबद्दल प्रश्नावली भरून घेते. बऱ्याच जणी “सगळं ठीक” वर खुणा करून मोकळ्या होतात. तू खरं लिही. रात्री फारच असह्य झालं तर एरान या मानसिक आधाराच्या फोनसेवेचा 1201 हा नंबर आहे, तिथे बोलायला माणूस असतो.

ज्या आयांची मुलं सक्तीच्या सेवेत आहेत त्यांची पत्रंही माझ्याकडे साठलीत. त्यांना यातलं अर्जाचं लागू नाही, पण गुरुवारी जाऊन मागण्याचं लागू आहे. आणि ज्यांची लग्नं ठरलीत आणि तारखेचं बिनसलंय, त्यांनी वाट बघू नये. ऑक्टोबर 2023 मध्ये किती जणांनी छावणीतच खुप्पा, म्हणजे लग्नाचा मांडव, उभारून लग्न लावलं. नातलगांची नाराजी पुढे एखाद्या मेजवानीनं निघते.

राहिलं ठाणे. माहेरी जाणं म्हणजे पळून जाणं नव्हे, हे आधी मनातून काढ. पण सातव्या महिन्यात, दोन मुलं घेऊन, या दिवसांत? विमानं कधी बंद होतील सांगता येत नाही. जून 2025 मध्ये इराणशी जुंपली तेव्हा बेन गुरियन विमानतळच बंद झाला आणि लोक जिकडच्या तिकडे अडकले. तू तिकडे आणि नवरा इकडे, असं झालं तर बाळाचं तोंड त्याला कधी दिसेल? शिवाय परदेशातल्या बाळंतपणाचा खर्च कुपात, म्हणजे आपली आरोग्य विमा संस्था, देते का, आणि विमान कंपनी कितव्या आठवड्यापर्यंत घेते, हे तिकिटाआधी विचारावं लागेल. त्यापेक्षा आईलाच बोलाव. ती भोंग्याला घाबरेल म्हणून तू तिला सांगितलंच नाहीस ना? तिला ठरवू दे. शनिवारी शब्बाथ संपला, मुलं झोपली, की नवऱ्यासमोरच तिला फोन लाव. तिच्या येण्याची तारीख आणि त्याच्या अर्जातली तारीख एकमेकींना धरून हव्यात.

तुझी,
मावशी